ज्याँ रेन्वार: पाऊस, कात्री आणि बॉम्ब यांतून वाचलेले चित्रपट

धागा: उत्तररंग

ज्याँ रेन्वारने १९२४ च्या सुमारास मूकपटांपासून सुरुवात केली आणि १९६९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी शेवटचे काम केले. मधल्या काळात फ्रान्स, अमेरिका, भारत आणि इटली अशा चार देशांत त्याने चित्रीकरण केले. त्याच्याविषयी बोलताना 'मानवतावादी' हे विशेषण हमखास येते आणि बहुधा चर्चा तेथेच आटोपते. रेन्वारचे मोठेपण मला त्याच्या सहृदयतेपेक्षा त्याच्या कामाच्या पद्धतीत अधिक दिसते. चित्रीकरणाच्या जागी जे समोर येईल, मग तो पाऊस असो, नटाचा स्वभाव असो वा पैशाची चणचण असो, त्याला चित्रपटात शिरू देण्याची त्याची तयारी असे. या पद्धतीने त्याच्या हातून उत्तम चित्रपट घडवले आणि तिच्याचमुळे त्यांतले काही त्याच्या हातून निसटलेही. या धाग्यावर त्याविषयी सविस्तर बोलावे असा विचार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्याचा जन्म १५ सप्टेंबर १८९४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र भागात झाला. वडील म्हणजे प्रसिद्ध चित्रकार पिएर-ओग्युस्त रेन्वार. आईच्या नात्यातली गाब्रिएल नावाची तरुणी त्याला सांभाळायची, वडिलांच्या चित्रांसाठी बसायची आणि त्याला बाहुल्यांचे खेळ पाहायला न्यायची. त्याच्या चित्रपटांत पडदा उघडण्याचे आणि बाहुल्यांचे जे वेड वारंवार दिसते, त्याचे मूळ तेथे आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये त्याच्या पायात गोळी लागली. पाय वाचला, पण लंगडणे जन्मभर राहिले. बरा होत असताना संधिवाताने जखडलेल्या वडिलांजवळ बसून त्याने ज्या गप्पा ऐकल्या, त्यांतूनच पुढे १९६२ मध्ये वडिलांविषयीचे त्याचे अतिशय वाचनीय पुस्तक तयार झाले. त्याच काळात चॅप्लिनच्या चित्रपटांनी त्याला झपाटले. नंतर तो टेहळणी विमानांवर रुजू झाला.

युद्धानंतर त्याने काही काळ मातीची भांडी घडवली. वडील १९१९ च्या डिसेंबरात गेले आणि पुढच्याच महिन्यात त्याने वडिलांची अखेरची मॉडेल आंद्रे हिच्याशी लग्न केले. तिला 'कॅथरिन हेसलिंग' या नावाने पडद्यावर आणण्यासाठी आपण चित्रपटाकडे वळलो, असे तो सांगत असे. तिला घेऊन केलेला 'नाना' (१९२६) हा खर्चिक मूकपट आपटला आणि त्याच्या पायी वडिलांची चित्रे विकावी लागली. थोर बापाच्या वारशावर जगणारा हौशी मुलगा, अशी त्याची संभावना त्या काळात होत असे आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही.

खरा रेन्वार बोलपटाबरोबर उभा राहिला. १९३१ मध्ये त्याने एक हलकाफुलका फार्स झटपट उरकला. त्यात शौचकूपाच्या साखळीचा आणि पाण्याचा खराखुरा आवाज ध्वनिमुद्रित केला होता आणि त्याची बरीच चर्चा झाली. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट वाटते, परंतु पुढच्या सगळ्या कामाची किल्ली तीत आहे. आवाज नंतर स्टुडिओत बसवायचा नाही, जेथे माणूस बोलतो तेथेच तो टिपायचा, हा त्याचा आग्रह होता. त्याच वर्षीच्या 'ला शिएन'मध्ये रस्त्यावरचा गलबला आणि खिडकीतून येणारे गाणे कथेच्या अंगानेच येतात. खून होत असताना कॅमेरा खाली रस्त्यावर गाणाऱ्यांकडे पाहत असतो.

आता १९३६ चा उन्हाळा. मोपासाँच्या एका कथेवरून त्याने लॉइंग नदीच्या काठी 'पार्ती द कांपान्य' हा लघुपट सुरू केला. साहाय्यकांत पुढे स्वतः नावाजलेले दिग्दर्शक जाक बेकर आणि लुकीनो व्हिस्कोंती, तसेच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ होते, यावरून त्या मंडळीचा दर्जा कळावा. कथेला हवे होते रणरणते ऊन आणि पाऊस काही थांबेना. दिवस वाया गेले, पैसा संपत आला, माणसे कंटाळली आणि अखेर रेन्वार पुढच्या चित्रपटासाठी निघून गेला. काम अर्धवट राहिले. चित्रपट लोकांपुढे आला तो थेट १९४६ मध्ये, संकलक मार्गरीतने जुळवलेल्या चाळीस मिनिटांच्या रूपात, आणि त्या वेळी दिग्दर्शक अमेरिकेत होता. पण पावसाचे काय झाले पाहा. नायिकेच्या आयुष्यातली ती एकच दुपार संपते आणि कॅमेरा सरकत्या नावेवरून मागे मागे जात पावसाचे थेंब झेलणारे पाणी दाखवतो. ज्या पावसाने चित्रीकरणाचा बोजवारा उडवला, तोच चित्रपटातल्या सर्वांत दुःखद क्षणी उपयोगी पडला आहे. मला वाटते, ठरवून आणलेल्या पावसाला ते जमले नसते.

पुढच्याच वर्षी 'ग्रँड इल्युजन' आला आणि तो मात्र जगभर गाजला. व्हेनिसला त्याला पारितोषिक मिळाले, गोबेल्सने त्याला पडद्यावरचा शत्रू ठरवले आणि ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांत प्रथमच एका परभाषिक चित्रपटाला स्थान मिळाले. युद्धकैद्यांच्या या गोष्टीत ज्याँ गाबँच्या अंगावरचा लष्करी कोट रेन्वारचा स्वतःचा आहे. जर्मन अधिकाऱ्याची भूमिका एरिक फॉन स्ट्रोहाइमने केली आहे. ज्याचे चित्रपट पाहून रेन्वारने हा व्यवसाय गांभीर्याने घेतला, तोच माणूस आता त्याच्यासमोर नट म्हणून उभा होता. स्ट्रोहाइमच्या आगमनानंतर त्याची छोटीशी भूमिका वाढवत नेऊन पटकथेचा तोलच बदलण्यात आला. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. कैदी नाटकाची तयारी करत असताना एक पोरसवदा सैनिक बायकी पोशाख आणि केसांचा टोप घालून येतो. सगळी बराक एकाएकी गप्प होते. कोणी हसत नाही, कोणी टवाळी करत नाही. कॅमेरा त्या चेहऱ्यांवरून नुसता फिरतो.

यशानंतर त्याने स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि 'द रूल्स ऑफ द गेम' केला. सोलोन्य प्रदेशातल्या एका गढीवर श्रीमंत मंडळी शिकारीला जमतात, मालक आणि नोकर या दोन्ही मजल्यांवर प्रेमाच्या भानगडी चालू असतात आणि शेवटी एक निरपराध माणूस गैरसमजाने मारला जातो. येथेही पाऊस आडवा आला, हॉटेलात अडकून पडलेला दिग्दर्शक रोज संहिता बदलत राहिला आणि खर्च हाताबाहेर गेला. ७ जुलै १९३९ रोजी पॅरिसमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मग कात्री चालू झाली. जेथे लोक ओरडतात ते काढा, असे करत करत चित्रपट ८१ मिनिटांवर आला. ज्या ऑक्ताव्हची भूमिका रेन्वारने स्वतः केली होती, ती भूमिकाच सर्वाधिक कापली गेली. युद्ध सुरू झाल्यावर मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून सरकारने बंदी घातली. १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली.

ज्याँ गाबोरी आणि जाक मारेशाल या दोघा तरुणांनी सापडतील त्या प्रती, वगळलेले तुकडे आणि ध्वनिपट्ट्या गोळा करून १९५९ मध्ये १०६ मिनिटांचा चित्रपट पुन्हा उभा केला. म्हणजे आपण जो 'मूळ' समजून पाहतो, तो पहिल्या दिवशी पॅरिसने पाहिलेल्या चित्रपटाहून लांब आहे. 'साइट अँड साउंड' मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या कौलात १९५२ पासून २०१२ पर्यंत तो प्रत्येक वेळी पहिल्या दहांत होता. २०२२ मध्ये तो तेराव्या क्रमांकावर घसरला.

पुढची हकीकत, म्हणजे अमेरिका, 'द रिव्हर' आणि उतारवयातले चित्रपट, हिच्यावर प्रतिसादांत बोलता येईल.

प्रतिसाद: काळीपांढरी

लेख आवडला. 'द रूल्स ऑफ द गेम'विषयी लिहिताना शिकारीच्या प्रसंगाला एका वाक्यात उरकायला नको होते. हाकारे झाडांच्या बुंध्यांवर काठ्या आपटत पुढे सरकतात, ससे आणि रानकोंबडे उघड्यावर येतात आणि मग काही मिनिटे नुसत्या गोळ्या. चित्रपटभर कॅमेरा सावकाश सरकतो आणि दृश्ये लांब असतात. येथे मात्र तुकडे एकाएकी आखूड होतात. शेवटी एक ससा कोलमडतो, पाय आखडून घेतो आणि त्याची शेपटी हळूहळू ताणली जाते. तो मरणारा ससा खराच आहे. हे आज कोणाला करू दिले जाणार नाही आणि करू नये, हे खरेच आहे. पण चित्रपटाच्या शेवटी विमानवीर ज्यूरिओ गोळी लागून पडतो त्याचे वर्णन करताना एक पात्र सशाचीच उपमा देते, आणि तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे ती शेपटी आलेली असते. हे सगळे आपोआप शिरू दिलेले नाही. हे मोजूनमापून बसवलेले आहे. त्यामुळे रेन्वार समोर येईल ते घेणारा होता, हे आपले विधान मला अर्धेच पटते.

निगेटिव्हच्या प्रवासांत 'ग्रँड इल्युजन'चीही भर घालायला हवी. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर तिची मूळ निगेटिव्ह बर्लिनला गेली, युद्धानंतर रशियनांनी ती मॉस्कोला नेली आणि दोन चित्रपट-संग्रहालयांच्या देवाणघेवाणीत ती फ्रान्सच्या तुलूझ शहरात परत आली. तेथे ती कित्येक वर्षे ओळख न पटता पडून होती आणि १९९० च्या दशकात तिची नीट पारख झाली. आज आपण जी स्वच्छ प्रत पाहतो, ती या भ्रमंतीतून वाचलेली आहे.

प्रतिसाद: शंकासूर

इतके कौतुक चालू आहे म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. १९३६ मध्ये हे गृहस्थ कम्युनिस्ट पक्षासाठी प्रचारपट करतात, पक्षाशी जवळीक असलेल्या वृत्तपत्रात सदर लिहितात, आणि युद्ध तोंडाशी आले असता मुसोलिनीच्या रोममध्ये 'तोस्का' करायला जातात. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हीशी राजवटीतल्या चित्रपट-अधिकाऱ्याला त्यांनी लिहिलेल्या पत्रांतला सूर ज्यूविरोधी आहे, हे अलीकडच्या चरित्रकारांनी पुढे आणले आहे. प्रत्येकाजवळ आपापली कारणे असतात आणि हीच जगातली भयंकर गोष्ट आहे, असे ऑक्ताव्ह म्हणतो. हे वाक्य उदारमतवादाचे बोधवाक्य म्हणून सतत उद्धृत केले जाते. मला ते सोयीस्कर वाटते. सगळ्यांना समजून घेणारा माणूस गरजेच्या वेळी कोणत्याच बाजूला उभा राहत नाही.

प्रतिसाद: उत्तररंग

@काळीपांढरी, शिकारीचा मुद्दा मान्य आहे. तो प्रसंग अगदी बांधीव आहे. मात्र तो बांधीव असल्यामुळेच उरलेल्या चित्रपटातली सैलसर वर्दळ अधिक जाणवते. गढीतली मंडळी रात्री आपापल्या खोल्यांत जातात तो मार्गिकेतला प्रसंग पाहा. अगदी पुढे दोघे बोलत आहेत, मधल्या पट्ट्यात कोणी उश्या फेकत आहे, लांबवर कोणी रणशिंग फुंकतो आणि सगळेच एकाच वेळी स्पष्ट दिसतात. कोणाकडे पाहायचे हे आपण ठरवायचे. आंद्रे बाझँ या समीक्षकाने खोलवर स्पष्ट दिसणाऱ्या दृश्याचे जे विवेचन केले, त्याला रेन्वारचे हेच चित्रपट आधाराला होते. बाझँ १९५८ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुळवलेला चित्रपट त्याच्याच स्मृतीला अर्पण करण्यात आला.

@शंकासूर, १९४० च्या पत्रांचे समर्थन करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण चित्रपट आणि पत्रे शेजारी ठेवून पाहिली तर अडचण अधिक गहिरी होते, सोपी होत नाही. 'ग्रँड इल्युजन'मधला उदार ज्यू रोझेंताल आणि 'रूल्स'मधला गढीचा मालक मार्की द ला शेनेय या दोन्ही भूमिका मार्सेल दालिओने केल्या आहेत. दालिओ स्वतः ज्यू होता. एका ज्यूला खानदानी फ्रेंच उमराव म्हणून उभे करणे १९३९ मध्ये साधी गोष्ट नव्हती. पहिल्याच हुर्योमध्ये त्याचाही वाटा असावा असे मला वाटते. पुढे पॅरिस व्यापल्यावर जर्मनांनी ज्यूंविरोधी भित्तिपत्रकांवर दालिओचाच चेहरा छापला. तो तोवर निसटला होता आणि अमेरिकेत पोहोचल्यावर 'कासाब्लँका'मध्ये जुगाराच्या टेबलावरचा माणूस म्हणून आपल्याला दिसतो. ज्याने दालिओला त्या भूमिका दिल्या आणि ज्याने ती पत्रे लिहिली, तो एकच मनुष्य आहे. यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नाही.

प्रतिसाद: तिसरी घंटा

मी प्रायोगिक नाटकांत काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. रेन्वारच्या तालमीची रीत प्रत्येक नटाने समजून घेण्यासारखी आहे. तो नटांना टेबलाभोवती बसवून संहिता वाचायला सांगे, पण कसलाही भाव न घालता, टेलिफोनच्या यादीतली नावे वाचावीत तशी सपाट. कोणी जरा 'अभिनय' करू लागला की त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून. हे तंत्र मिशेल सिमाँ आणि लुई जुव्हे या नटांकडून घेतल्याचे तो सांगे. १९६८ मध्ये जिझेल ब्रोनबेर्जे या अभिनेत्रीबरोबर त्याने केलेली अशी एक तालीम लघुपटाच्या रूपात जतन झाली आहे. त्यात हा वृद्ध, स्थूल, अतिशय मिठ्ठास बोलणारा मनुष्य त्या बाईंना मुळीच सुट्टी देत नाही. वाक्य सपाट वाचता वाचता कधीतरी त्यातून एक भाव आपणहून वर येतो आणि तो आधी ठरवलेल्या भावाहून वेगळा असतो, असा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडे पहिल्याच वाचनाला नट सूर लावून बसतात आणि प्रयोगापर्यंत तोच सूर घोटत राहतात, तेव्हा मला ही तालीम हमखास आठवते.

'रूल्स'मधला माझा आवडता प्रसंग नोकरांच्या जेवणाचा आहे. नोकरमंडळी मालकाच्या घराण्याविषयी कुजबुजत असतात की त्याच्या आजोळी कोणी रोझेंताल होता आणि तो फ्रँकफर्टहून आला होता. तेवढ्यात आचारी मध्ये पडतो. मालकाने आपल्याला बटाट्याच्या सॅलडवरून कसे खडसावले, ते तो सांगतो. बटाटे उकळते असतानाच त्यांच्यावर पांढरी वाइन ओतायची असते, ती ओतली गेली नव्हती, आणि ते मालकाच्या जिभेने ओळखले. परका असो की कोणी, हा माणूस खरा खानदानी आहे, असा निर्वाळा आचारी देतो. ज्यूद्वेष, वर्गाचा ताठा आणि कारागिराचा अभिमान हे तिन्ही एका पाककृतीत आले आहेत आणि संवाद बोलणारा नट ते सांगताना जराही ठासून बोलत नाही.

प्रतिसाद: गोदाकाठ

'द रिव्हर'ची वाट पाहत होतो. चित्रपट दिसायला सुंदर आहे, यात वाद नाही. पण चित्रीकरण १९४९ च्या अखेरीस आणि १९५० मध्ये झाले. १९४३ चा दुष्काळ होऊन सहा-सात वर्षे झाली होती आणि फाळणीला तर तीनही झाली नव्हती. कलकत्त्यात निर्वासितांचे लोंढे येत होते. चित्रपटात यातले काहीही नाही. आहे ती गंगेकाठची ज्यूटची गिरणी सांभाळणाऱ्या इंग्रज कुटुंबाची बाग, दिवाळीच्या पणत्या, पतंग, नागोबा आणि शहाणपणाने हसणारे नोकर. भारत म्हणजे व्हरांड्यातून दिसणारा देखावा. रेन्वारच्या जागी दुसरे कोणी असते तर आपण हा चित्रपट इतका सहज स्वीकारला असता का?

प्रतिसाद: हुगळीकाठ

बरीच वर्षे कोलकात्यात असल्यामुळे या विषयात थोडे लक्ष घातले आहे, म्हणून माहिती जोडतो.

रूमर गॉडन या लेखिकेचे बालपण आजच्या बांगलादेशातल्या नारायणगंजला गेले आणि मूळ कादंबरी त्या आठवणींवर आधारलेली आहे. हॉलिवूडमध्ये कोणी पैसे घालायला तयार नव्हते, कारण वाघ-हत्ती नसलेला भारत त्यांना नको होता. शेवटी केनेथ मॅकएल्डाउनी हा निर्माता पुढे आला, आणि त्याचा मूळ धंदा लॉस एंजेलिसमध्ये फुले विकण्याचा होता. चित्रीकरण बराकपूरला हुगळीकाठी झाले. भारतात झालेले हे पहिले टेक्निकलर चित्रीकरण मानले जाते. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे, त्यामुळे आपण काय टिपले आहे हे कळायला दिग्दर्शक आणि त्याचा पुतण्या, छायालेखक क्लोद रेन्वार, यांना बराच काळ थांबावे लागे.

आता त्याहून महत्त्वाचे. १९४९ मध्ये रेन्वार जागा शोधायला आला तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकाराची नोकरी करणारा एक तरुण ग्रेट ईस्टर्न हॉटेलात जाऊन त्याला भेटला आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गावोगाव हिंडला. तो तरुण म्हणजे सत्यजित राय. एका मुलाच्या आणि त्याच्या बहिणीच्या गोष्टीवर चित्रपट करण्याचा विचार त्याने रेन्वारच्या कानावर घातला आणि रेन्वारने त्याला उत्तेजन दिले. हॉलिवूड डोक्यातून काढून टाका आणि आपली स्वतःची शैली शोधा, असा सल्ल्याचा मथितार्थ होता. रायने या सहवासावर १९५० मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात लेखही लिहिला. बन्सी चंद्रगुप्त 'द रिव्हर'च्या कलाविभागात साहाय्यक होते. सुब्रत मित्र हा विद्यार्थी कॅमेऱ्याच्या विभागात काम मागायला गेला. काम मिळाले नाही, पण चित्रीकरण पाहायची परवानगी मिळाली. त्याने दिव्यांच्या जागा आणि नटांच्या हालचाली यांची इतकी बारकाईने टिपणे आणि रेखाटने केली की दृश्यांचा मेळ घालण्यासाठी क्लोद रेन्वारनेही ती पाहिली. पुढे 'पथेर पांचाली'चा कॅमेरा मित्र यांच्याकडे आणि कलादिग्दर्शन चंद्रगुप्त यांच्याकडे होते. म्हणजे गोदाकाठ म्हणतात त्या व्हरांड्यात बसून काही बंगाली मुले वेगळाच अभ्यास करत होती.

मेलनीची भूमिका करणाऱ्या राधा या मद्रासच्या अड्यारमध्ये भरतनाट्यम शिकलेल्या नर्तकी होत्या. राधा बर्नियर या नावाने त्या पुढे थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. हे पात्र कादंबरीत नाही. ते रेन्वारने इथे आल्यावर घातले.

प्रतिसाद: उत्तररंग

@गोदाकाठ, आपला आक्षेप रास्त आहे आणि 'पथेर पांचाली'ला झालेल्या मदतीने तो फिटत नाही. दुष्काळ आणि फाळणी वगळणे ही निवड होती. एवढेच म्हणेन की मेलनी हे पात्र त्या निवडीतली अस्वस्थता दाखवते. इंग्रज बाप आणि भारतीय आई यांची ही मुलगी कोठलीच नाही, आणि साडी नेसावी की फ्रॉक घालावा यापासून तिचा प्रश्न सुरू होतो. रेन्वारला व्हरांड्याबाहेर जाता आले नाही, पण व्हरांड्याच्या उंबऱ्यावर उभे असलेले माणूस त्याने पाहिले.

मला या चित्रपटात सर्वाधिक जवळचा वाटतो तो कॅप्टन जॉन. युद्धात एक पाय गमावलेला हा तरुण थॉमस ब्रीनने केला आहे आणि ब्रीनने युद्धात खरोखरच पाय गमावला होता. स्वतः लंगडणारा दिग्दर्शक त्याला चालायला सांगतो आहे, हे मनात ठेवून ती दृश्ये पाहावीत. आणि दुपारच्या झोपेचा प्रसंग पाहावा. घरातले एकेक माणूस, दाई, मुली, आईबाप, सगळे उकाड्यात पेंगलेले आहेत. कॅमेरा कसलीही घाई न करता एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याच वेळी धाकटा बोगी बागेत पिंपळाच्या मुळांशी नागासमोर पुंगी घेऊन बसलेला असतो, आणि हे आपल्याला दाखवले जात नाही. मुलाच्या मृत्यूनंतर मेलनीचा बाप मिस्टर जॉन जे बोलतो, म्हणजे एक मूल मूल असतानाच गेले आणि मोठ्यांच्या जगातून सुटले, ते मला पहिल्यांदा क्रूर वाटले. आजही ते पूर्ण पचलेले नाही.

अमेरिकेविषयी थोडक्यात. १९४० च्या अखेरीस लिस्बनहून निघालेल्या जहाजावर त्याच्या खोलीत सहप्रवासी म्हणून लेखक सँतेक्झ्युपेरी होता. हॉलिवूडमध्ये त्याने मोजके चित्रपट केले. त्यांपैकी कापूस पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांवरचा 'द सदर्नर' (१९४५) पाहावा. त्यासाठी दिग्दर्शनाच्या ऑस्करचे नामांकनही मिळाले. उरलेले चित्रपट अभ्यासकांवर सोडावेत. स्टुडिओच्या वेळापत्रकात त्याच्या पद्धतीला जागा नव्हती, हे त्यांतून चांगले कळते.

प्रतिसाद: शंकासूर

दालिओची हकीकत मला माहीत नव्हती, त्याबद्दल आभार. माझे मत मात्र कायम आहे. दुसरा प्रश्न असा की 'द रिव्हर'नंतरचे चित्रपट कोणी गांभीर्याने घेते का? 'फ्रेंच कॅनकॅन' म्हणजे नुसते रंग आणि लहंगे वाटले.

प्रतिसाद: उत्तररंग

फ्रेंच नवप्रवाहातली तरुण दिग्दर्शक मंडळी ते फार गांभीर्याने घेत होती. इटलीत आना मान्यानीला घेऊन केलेला 'द गोल्डन कोच' (१९५२) फ्रांस्वा त्र्युफोला इतका प्रिय होता की त्याने आपल्या निर्मितिसंस्थेचे नाव त्या गाडीवरूनच ठेवले. जाक रिव्हेतने १९६० च्या दशकात त्याच्यावर दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केला आणि शीर्षकात त्याला 'मालक' म्हटले, तेही प्रेमाने. 'फ्रेंच कॅनकॅन'मध्ये (१९५५) शेवटचा नाच सुरू असताना नाट्यगृहाचा चालक झालेला गाबँ पडद्यामागे एका खुर्चीत एकटाच बसलेला असतो. बाहेरचे संगीत ऐकत त्याचा पाय ठेक्यावर हलतो, हात वर जातो.  आपली मुले परीक्षा देत असताना शाळेबाहेर बसलेल्या बापासारखा तो दिसतो. तेवढ्यासाठी तरी तो पुन्हा पाहा.

वय झाल्यावरही त्याची प्रयोगाची खुमखुमी गेली नव्हती. १९५९ मध्ये जेकिल-हाइडच्या कथेवर त्याने दूरचित्रवाणीसाठी काम केले तेव्हा एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून नटांना प्रसंग सलग करू दिला. चित्रपटगृहांचे मालक दूरचित्रवाणीवर चिडलेले असल्यामुळे त्याच्या प्रदर्शनावरून वाद झाला. पुढे त्याला पैसे मिळणे अवघड होत गेले. १९७५ मध्ये त्याला मानद ऑस्कर देण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १९७९ रोजी बेव्हर्ली हिल्समध्ये तो वारला. दफन फ्रान्समध्ये, एसॉय या आईच्या गावी, वडिलांच्या सान्निध्यात झाले.

प्रतिसाद: काळीपांढरी

नव्याने पाहणाऱ्यांसाठी एक सूचना करते. पुष्कळ जण 'रूल्स'पासून सुरुवात करतात आणि पहिल्या अर्ध्या तासात पात्रांची गर्दी पाहून सोडून देतात. त्याऐवजी चाळीस मिनिटांचा 'पार्ती द कांपान्य' आधी पाहावा, मग 'ग्रँड इल्युजन' आणि त्यानंतर 'रूल्स'. 'पार्ती'मध्ये खानावळीचा मालक म्हणून रेन्वार स्वतः आहे आणि मुलीकडे वळून पाहणाऱ्या, पाद्री होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांत कार्तिए-ब्रेसाँ आहे. तोच 'रूल्स'मध्ये इंग्रज नोकर म्हणून दिसतो. 'रूल्स' घेताना १०६ मिनिटांची प्रत आहे ना, ते तपासून घ्यावे. तीतही एक छोटा प्रसंग कमी आहे, ज्यात ऑक्ताव्ह घरातल्या मोलकरणींविषयी बोलतो. तो काही केल्या सापडला नाही, आणि रेन्वारच्या मते त्यावाचून काही अडत नव्हते.